घरगुती मायादर्पण

बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत मराठींतलें पहिलें वृत्तपत्र काढलें आणि त्याला 'दर्पण' हें नांव दिलें. आज खरोखरीच्या आरशांत बातम्या वाचण्याची सोय झाली आहे. बाळशास्त्री गणिताचे अध्यापक. हें त्यांना कोणीं सांगितलें असतें, तर त्यांनीं आधीं कांचेच्या पाठीमागें जाऊन पाहिलें असतें. आपणही तेंच करूं.

या वस्तूला लोक 'स्मार्ट मिरर' म्हणतात. समोर उभे राहिलें कीं आपला चेहरा दिसतो, आणि चेहऱ्याशेजारींच वेळ, तिथि, पावसाचा अंदाज हीं अक्षरें उमटलेलीं असतात. युक्ति मात्र जुनीच आहे. रात्रीं खोलींत दिवा असला म्हणजे खिडकीच्या कांचेंत आपण स्वतःला पाहतों. बाहेरून कोणी कंदील घेऊन आला, तर तोही त्याच कांचेंतून दिसतो. १८६२ च्या डिसेंबरांत लंडनच्या पॉलिटेक्निक संस्थेंत जॉन हेन्री पेपर यांनीं तिरकी कांच आणि लपविलेला उजेड एवढ्याच भांडवलावर रंगभूमीवर भूत उभें केलें, आणि प्रेक्षक घाबरावयास पैसे देऊन येऊं लागले.

आपल्याकडे कांच आणि दिवा यांच्या मायेचा प्रपंच एका घरानें केला. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं मदनराव पितळे या इंजिनिअर स्नेह्याच्या साहाय्यानें 'मॅजिक लँटर्न'चें यंत्र सिद्ध केलें, त्यास 'शांबरिक खरोलिका' असें भारदस्त नांव दिलें, आणि १८९२ सालीं त्याचे जाहीर प्रयोग आरंभिले. शंबरासुराची माया ती शांबरी. म्हणजे नांवापासूनच परकी वस्तु घरची झाली. चित्रांचेंही तसेंच. कांचेच्या लहान लहान पट्ट्यांवर रामायण-महाभारतांतील प्रसंग घरींच हातानें रंगविले जात. एकाच पात्राच्या निरनिराळ्या ठेवणी भराभर पडद्यावर पाडल्या कीं तें हालल्याचा भास होई. जोडीला निवेदन आणि संगीत असे. मुलेंही याच उद्योगांत तयार झालीं. मला या हकीकतींत कंदिलापेक्षां त्या रंगविलेल्या पट्ट्यांचें मोल अधिक वाटतें. कंदिलाची नक्कल एखादा हुषार कारागीरही करूं शकला असता. त्यांतून काय दाखवावयाचें हें पटवर्धनांनीं आपलें आपण ठरविलें. पुढें ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें आलीं, आणि कंदिलाचे दिवस भरत आले.

आरशाची आजची कथाही घरगुतीच आहे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानांत मायकेल टेऊ या डच गृहस्थानें आरशामागें उजळणारी पाटी पाहिली, आणि २०१४ सालीं घरीं तसा आरसा बनवून त्याची कृति व संगणकाचा कार्यक्रम सर्वांना फुकट देऊन टाकला. पत्त्याएवढा 'रास्पबेरी पाय' संगणक २०१२ सालीं ३५ डॉलरला विक्रीस आला नसता, तर ही हौस श्रीमंतांपुरतीच राहती.

सोलापूरहून पुण्याकडे जातांना मोहोळ तालुक्यांत चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. तेथील एखाद्या तरुण कामगारानें घरीं असा आरसा करावयाचें मनांत आणलें, तर त्याला काय लागेल? कोणीं टाकून दिलेला पण चालू स्थितींतला मॉनिटर, तो लहानसा संगणक, सुताराकडून लांकडी चौकट, आणि कांच. खरा खर्च कांचेचा. अर्धवट पारदर्शक असा तयार आरसा महाग पडतो. साध्या कांचेवर आरशासारखी चकाकणारी पातळ फिल्म चिकटविली तरी काम भागतें. मात्र फिल्म लावतांना धुळीचा एक कण राहिला तर तो रोज सकाळीं नाकावर दिसावयाचा. पडद्यावर अक्षरें पांढरीं व बाकी सर्व काळें ठेवावें. काळ्या भागांतून उजेड येत नाहीं, म्हणून तेवढी कांच आरसाच राहते. चौकटीला वरखालीं भोकें हवींत, नाहींतर सोलापूरच्या वैशाखांत आंतील यंत्र भाजून निघेल. मॉनिटरचें पोट उघडण्याच्या भरीस पडूं नये. वीज बंद केल्यावरही त्यांत धक्का देण्याइतकी वीज साठून राहिलेली असते.

एवढें जुळलें म्हणजे आरसा प्रथम इंग्रजींत बोलूं लागतो. वार इंग्रजी, महिना इंग्रजी, आणि हवामान कदाचित् भलत्याच शहराचें! पुष्कळ जण येथेंच थांबतात, आणि मला त्याचें वाईट वाटतें; कारण कार्यक्रम खुला आहे, त्यांतले शब्द ज्याचे त्याला बदलतां येतात. कल्याणच्या पट्ट्या रंगविण्याइतकें चिकाटीचें हें काम नव्हे. दोन रविवार पुरावेत. मग सकाळपाळीला निघतांना भांग पाडावयास आरशापुढें उभे राहिलें, कीं कपाळाच्या वर मराठी अक्षरांत सोलापूरचें ऊन किती, पाळीला किती मिनिटें उरलीं, आणि आज एकादशी आहे कीं उद्यां, हें वाचतां येईल. घरांतली आजी चष्मा शोधीत येईल, आणि अक्षरें अंमळ मोठीं कर म्हणून सांगेल.