वाटाणा, आगकाड्या आणि प्रोफेसर केळफा : दादासाहेब फाळक्यांच्या घरातले खेळ

१. दादासाहेब फाळके म्हटले की ३ मे १९१३, गिरगावचा कोरोनेशन सिनेमा आणि ‘राजा हरिश्चंद्र’ एवढे सर्वांना ठाऊक असते. पण याच माणसाने वाटाण्याच्या रोपावर एक चित्रपट काढला, आगकाड्यांवर एक काढला आणि स्वतःचे आडनाव उलटे लिहून जादूगार म्हणून पडद्यावर मिरवून घेतले. हा धागा त्या छोट्या खेळांचा आणि त्यांची किंमत कोणी मोजली याचा.

२. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. १८८५ मध्ये धुंडिराज मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, छायाचित्रण असे जे जे समोर आले ते ते शिकत गेले. एका विद्येवर समाधान मानणे हे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

३. या यादीतली सर्वांत विक्षिप्त विद्या म्हणजे जादू. बडोद्यात असताना त्यांनी एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखीचे धडे घेतले आणि जाहीर प्रयोगही केले. रंगमंचावरचे नाव ठरले ‘प्रोफेसर केळफा’. फाळके हा शब्द शेवटून वाचला की केळफा होतो. शास्त्र्यांच्या घरातल्या मुलाने स्वतःच्या आडनावाची केलेली ही थट्टा त्यांनी पुढे कधी टाकून दिली नाही.

४. या हौसेला दुःखाची पार्श्वभूमी आहे. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला होता. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. जादूचे प्रयोग त्यानंतरचे. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. सासरी या मुलीचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. या कथेतील अर्धे श्रम तिचे आहेत.

५. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून काही वर्षे नोकरी, मग लोणावळ्यात आणि त्यानंतर दादरला छापखाना. रंगीत छपाईचे तंत्र पाहण्यासाठी १९०९ मध्ये त्यांनी जर्मनी गाठली. छापखाना नावारूपाला आला, पण भागीदारांशी पटेना, तेव्हा चालता धंदा सोडून ते बाहेर पडले. वय चाळीस, पदरी मुले आणि हाती काम नाही.

६. याच सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या मनासमोर राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या सरकत होती, असे त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. लगेच ते सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखवायला घेऊन गेले. पडद्यावरची चित्रे हलतात कशी, याचे कोडे आता घरातल्या सर्वांचे झाले.

७. मग सुरू झाले घरगुती प्रयोग. एक छोटा, जवळजवळ खेळण्यातलाच म्हणावा असा कॅमेरा, थोड्या फिती, एक भिंग आणि मेणबत्ती. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून भिंतीवर पाडायचा आणि हलती चित्रे पाहत बसायचे. भारतीय चित्रपटाची पहिली प्रयोगशाळा ही अशी होती : एक भिंत, एक मेणबत्ती आणि झोप सोडून जागणारे कुटुंब.

८. हा छंद अंगावरही आला. दिवसा चित्रपट पाहायचे, रात्री प्रयोग करायचे, झोप जेमतेम. ताण इतका वाढला की डोळ्यांपुढे अंधार आला आणि काही काळ दृष्टीच गेली. वैद्यकीय उपचार आणि चष्मे यांच्या आधाराने ती परत मिळाली. तरी नाद सुटला नाही.

९. चित्रपट काढायचा तर यंत्र हवे, यंत्रासाठी विलायत हवी आणि विलायतेसाठी पैसा. त्यांनी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनकडे प्रयाण केले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना मार्ग दाखवला आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी आपले चित्रपटगृहातले नव्हे, निर्मितीतले काम पाहू दिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी करून ते परतले.

१०. आता या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा कोण उभे राहिले? राजा नव्हे, देव नव्हे, नटही नव्हे. कुंडीत पेरलेला वाटाणा! कॅमेरा एका जागी पक्का ठेवून, मातीतून अंकुर कसा वर येतो आणि वेल कसा वाढतो, हे त्यांनी महिनाभराहून अधिक काळ थोडेथोडे टिपले. चित्रपटाचे नाव ‘अंकुराची वाढ’, लांबी जेमतेम मिनिटभराची.

११. दादासाहेब रोज एक चित्र घेत, असे या चित्रपटाबद्दल नेहमी सांगितले जाते. थोडा हिशेब करून पाहावा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी सरकत. रोज एकच घेतली असती, तर महिन्याभराची मेहनत दोन सेकंदांत संपली असती. मिनिटभरासाठी सुमारे ९६० चौकटी लागतात, म्हणजे दिवसाला तीसेक. कुंडीची ही पूजा दिवसातून अनेक वेळा करावी लागली असणार.

१२. या खेळामागे व्यवहारही होता. हातात यंत्र होते, भांडवल नव्हते. महिन्याची वाढ डोळ्यांदेखत मिनिटात होताना निवडक मंडळींना दाखवण्यात आली आणि त्यांच्यापैकी काहींनी कर्ज द्यायची तयारी दर्शवली. बाकीच्या गरजेसाठी सरस्वतीबाईंच्या अंगावरचे दागिने होतेच. ‘राजा हरिश्चंद्र’ला पहिला जामीन राहिला तो एक वाटाणा, दुसरे जामीन राहिले सौभाग्यलेणे.

१३. सरस्वतीबाईंचा वाटा दागिन्यांपुरता नव्हता. त्या काळी कोरी फीत छिद्रांशिवाय येई. यंत्राच्या दात्यांत फीत अडकून पुढे सरकावी म्हणून दोन्ही कडांना छिद्रे पाडावी लागत. फितीला उजेड लागला की ती वाया जाई, म्हणून हे काम अंधारात करायचे. दिवसभराचा स्वयंपाक आणि मुलेबाळे आवरून सरस्वतीबाई रात्री या कामाला बसत.

१४. येथेही हिशेब बोलका आहे. एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला एका कडेने ४ छिद्रे, कडा दोन. म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. केवळ एका प्रतीची छिद्रे मोजली, तरी आकडा पावणेपाच लाखांच्या घरात जातो. यंत्र हाताशी होते हे खरे, पण ते अंधारात चालवणारे हात माणसाचेच होते.

१५. दिवसाचे काम वेगळे. चित्रण सूर्यप्रकाशात चाले. उजेड पात्रांच्या तोंडावर परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभे राहायचे, फिती धुण्याची रसायने कालवायची आणि सगळ्या मंडळींना जेवू घालायचे, हे सारे त्यांनी केले. दादरचे घर हेच चित्रपटाचे कार्यालय, तालीमघर आणि भटारखाना होते.

१६. चित्रपटात काम करणे तेव्हा अप्रतिष्ठेचे मानले जाई. म्हणून दादासाहेबांनी आपल्या नटांना एक युक्ती शिकवली. कोणी विचारले तर सांगायचे, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. २००९ मध्ये परेश मोकाशी यांनी फाळक्यांवर काढलेल्या मराठी चित्रपटाचे नाव याच थट्टेतून आले.

१७. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिताश्वासाठी दूर जावे लागले नाही, घरचा भालचंद्र होताच. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. अडचणीतून गंमत काढण्याची हातोटी म्हणतात ती ही.

१८. कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ एकटा दाखवला गेला नव्हता. त्याच खेळात नृत्य होते, विनोदी प्रवेश होता आणि पायांवर वस्तू नाचवणारा कसरतपटूही होता. प्रेक्षकाला मुख्य पदार्थासोबत लोणचे-कोशिंबीर लागते, हे दादासाहेबांनी ओळखले. परक्यांकडून ती आणण्यापेक्षा आपणच का करू नये? त्यांच्या लघुपटांना अशी बाजारातली जागाही होती.

१९. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि भांडवल देणारे हात आखडले. मोठे पौराणिक चित्रपट काढणे अवघड झाले. त्याच काळातला त्यांचा लघुपट म्हणजे ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५). काडी किंचित हलवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा हलवायची. पडद्यावर काड्या आपोआप चालू लागतात. नट नको, पोशाख नको, नेपथ्य नको. हवी फक्त काड्यांची पेटी आणि अपार चिकाटी.

२०. मग केळफा परतले. ‘प्रोफेसर केळफाची जादू’ या लघुपटात दादासाहेब स्वतः जादूगार आहेत. रंगमंचावरचा जादूगार प्रेक्षकाची नजर चुकवतो. येथे कॅमेराच साथीदार होतो. चित्रण थांबवायचे, वस्तू उचलायची, पुन्हा चित्रण सुरू करायचे. पडद्यावर वस्तू अदृश्य! पौराणिक चित्रपटांत देव प्रकट होतात आणि अंतर्धान पावतात, ते याच तंत्राच्या घराण्यातले.

२१. जादूगार सहसा आपले गुपित सांगत नाही. दादासाहेबांनी मात्र ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचा लघुपटच काढला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात : नटांना शिकवताना, फीत तपासताना. आधी चकित करायचे आणि मग हात धरून पडद्यामागे न्यायचे, या दोन्हींत त्यांना सारखाच आनंद होता.

२२. ‘कालियामर्दन’ (१९१९) हे याचे सर्वांत लोभस उदाहरण. त्यात बाळकृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ती साध्या मुलीच्या रूपात समोर येते, चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवते आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. लेकीचे कौतुक करणारा बाप आणि देव घडवणारा दिग्दर्शक असे दोघेही त्या काही क्षणांत दिसतात.

२३. पण खेळाचा जमाखर्च मांडता येत नाही. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. पैसा आला, त्याबरोबर हिशेबाची वहीही आली. खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून खटके उडू लागले. अखेर दादासाहेब कंपनी सोडून सहकुटुंब काशीला निघून गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते परतले, पण मेणबत्तीच्या उजेडातले ते घर आता कारखाना झाले होते.

२४. बोलपट आला आणि मूकपटांची सद्दी संपली. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार आज देशातला चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान आहे. त्यांच्या बहुतेक फिती मात्र काळाने गिळल्या. आगकाड्यांचा खेळ हरवला. केळफांच्या जादूचा एक तुकडा राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरला आहे.

२५. या लहरींकडे थोर माणसाच्या गमतीजमती म्हणून पाहण्याची सवय आहे. प्रत्यक्षात वाटाण्याने त्यांना काळ आवळायला शिकवले, आगकाड्यांनी निर्जीवाला चालते करायला आणि केळफाने अदृश्य व्हायला. पौराणिक चित्रपटांचे सारे व्याकरण या खेळांत घोटले गेले. आणि हे खेळ खेळता आले, कारण त्याच घरात दुसरे एक माणूस अंधारात बसून फितीच्या कडेला छिद्रे पाडत होते. ती छिद्रे पडद्यावर कधीच दिसत नाहीत. ती नसती, तर मात्र पडद्यावर काहीच हलले नसते.