उजनी जलाशयातील गळमासेमारीची साधने

उजनी जलाशयातील गळमासेमारीची साधने म्हणजे सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर बांधलेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात गळाने मासे पकडण्यासाठी वापरली जाणारी काठी, रीळ, दोर, गळ व आमिषे. या जलाशयातील व्यावसायिक मासेमारी प्रामुख्याने जाळ्यांनी होते. गळाची मासेमारी काठावरचे रहिवासी घरच्या कालवणापुरती करतात, तर हौशी मंडळी छंद म्हणून करतात. साधनांची निवड मासा, पाण्याची खोली, तळाचे स्वरूप आणि आमिषाचे वजन यांवर ठरते. काठी, रीळ व दोर यांचा मेळ जमला नाही किंवा त्यांची निगा राखली गेली नाही, तर दोर तुटतो. अशा वेळी गळ माशाच्या तोंडात आणि दोर पाण्यात राहतो. त्यामुळे साधनांची निगा हा केवळ खर्चाचा विषय नसून जलाशयातील मासे व पक्षी यांच्याशीही त्याचा थेट संबंध आहे.

पार्श्वभूमी

गळाने मासे पकडण्याची कला या प्रदेशात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण असून त्यात राजाच्या करमणुकीसाठी गळाने मासे पकडण्याचे वर्णन आले आहे. आजचा सोलापूर जिल्हा तेव्हा चालुक्यांच्या राज्यात मोडत असे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर अभ्यासलेख प्रसिद्ध केला. ब्रिटिश काळात हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले.

भीमाकाठी भोई व कोळी समाजांत मासेमारी परंपरेने चालत आली आहे. त्यांच्या साधनांत जाळ्यांबरोबरच बांबूची काठी आणि एका दोरीला अनेक गळ लावून पाण्यात सोडायची लांब माळ यांचाही समावेश होतो. १९३५ मध्ये नायलॉनचा शोध लागला व त्यानंतर सुती आणि रेशमी दोरांची जागा नायलॉनच्या पारदर्शक दोराने घेतली. मराठीत त्याला तंगूस असेही म्हणतात.

जलाशयाचे स्वरूप

उजनी धरण माढा तालुक्यात असून ते १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर असेही नाव आहे. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट (टीएमसी) असून त्यापैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. फुगवटा सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे.

उन्हाळ्यात पाण्याची पातळी अनेकदा मृतसाठ्याच्याही खाली जाते. तेव्हा बुडालेल्या गावांचे अवशेष उघडे पडतात. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील प्राचीन मंदिर हे त्याचे परिचित उदाहरण आहे. पाणी भरल्यावर हेच दगड, पडक्या भिंती, बाभळीचे बुंधे व काटेरी झुडपे पाण्याखाली जातात. त्यांच्यावर घासून दोर झिजतो आणि गळ अडकतो. म्हणून येथे दोर निवडताना त्याच्या ताकदीइतकेच घर्षण सोसण्याच्या क्षमतेलाही महत्त्व द्यावे लागते. एकाच जागेची खोली हंगामानुसार बदलत असल्याने पावसाळ्यानंतर चाललेली साधने मे महिन्यात तिथेच चालतील असे नाही.

मासे व त्यांना अनुरूप साधने

बाजारात मिळणाऱ्या अनेक काठ्या व रिळे 'बास' या माशाच्या नावाने विकली जातात. मोठ्या तोंडाचा बास (मायक्रोप्टेरस सॅल्मॉइड्स) हा उत्तर अमेरिकेतील शिकारी मासा असून तो भारतातील मूळचा नाही. त्याच्यासारखा पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसणारा आणि पृष्ठभागावरील भक्ष्यावर झेपावणारा येथील मासा म्हणजे मरळ. त्यामुळे बाससाठी बनवलेली साधने मरळीसाठी बहुतांशी योग्य ठरतात. रोहू किंवा चिलापीसाठी मात्र ती अवजड होतात.

• चिलापी: मूळचा आफ्रिकेतील हा मासा उजनीत विपुल आहे. त्याचे तोंड लहान असते. ५ ते ६ फुटांची हलकी काठी किंवा साधा बांबू, ४ ते ६ पौंडांचा तंगूस, लहान गळ, तरंगी आणि आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेची गोळी एवढे साहित्य पुरते.

• रोहू, मृगळ व सायप्रिनस: हे मासे कणीक, पेंड व भाताच्या गोळ्याला लागतात. मृगळ व सायप्रिनस तळाशी चरतात. ७ ते ९ फुटांची मध्यम ताकदीची काठी, १० ते १५ पौंडांचा दोर व शंभर मीटरहून अधिक दोर मावणारे रीळ सोयीचे पडते. मोठा मासा लागताच लांब धाव घेतो. म्हणून दोराची लांबी महत्त्वाची असते.

• कटला: हा प्रामुख्याने पाण्याच्या वरच्या थरात चरतो. त्यामुळे आमिष तळाशी न सोडता तरंगीच्या साहाय्याने अधांतरी ठेवले जाते.

• मरळ: ६.५ ते ७ फुटांची मध्यम-जड किंवा जड काठी, ३० ते ५० पौंडांचा विणलेला दोर आणि आमिष म्हणून रबरी बेडूक वापरतात. मासा लागताच वनस्पतींच्या गुंत्यात शिरतो व त्याला तिथून तत्काळ बाहेर ओढावे लागते.

• शिवडा व शिंगाळा: या मिशाळ माशांपैकी शिवड्याला अतिशय तीक्ष्ण बारीक दात असतात. दोर कापला जाऊ नये म्हणून गळाजवळ जाड तंगुसाचा किंवा तारेचा तुकडा जोडतात.

काठी

काठीचे वर्णन लांबी, ताकद आणि वाक या तीन गुणांनी केले जाते. लांब काठीने आमिष दूर जाते, तर आखूड काठी झुडपांच्या काठावर सोयीची असते. ताकद म्हणजे काठी वाकवण्यास लागणारा जोर. वाक म्हणजे काठी कुठपर्यंत वाकते ते. केवळ टोकाशी वाकणारी काठी 'जलद' आणि मुठीपर्यंत वाकणारी 'मंद' म्हटली जाते. जलद काठीने झटका लगेच पोहोचतो व मरळीच्या कठीण जबड्यात गळ रुततो. मंद काठी माशाचे हिसके शोषून घेते. म्हणून मऊ ओठांच्या माशांसाठी ती बरी.

बांबूची काठी स्वस्त असते व घरी बनवता येते. ती सावलीत सावकाश वाळवावी लागते. अन्यथा तिला चिरा पडतात. काचतंतूची काठी जड पण चिवट असते व आपटणे सोसते. कार्बनतंतूची काठी हलकी व संवेदनशील असते. मात्र ती कडेने बसलेल्या आघाताने ठिसूळपणे मोडते आणि विजेची वाहक आहे. फुगवट्याच्या काठी शेतीपंपांसाठी वीजवाहिन्या टाकलेल्या असतात. त्यांच्या खाली किंवा विजांच्या कडकडाटात अशी काठी उभारणे प्राणघातक ठरू शकते.

काठीवर आमिषाच्या वजनाची व दोराच्या ताकदीची मर्यादा छापलेली असते. तिच्याहून जड दोर वापरल्यास ताण आल्यावर दोराऐवजी काठी मोडते.

रीळ

स्पिनिंग रीळ काठीच्या खालच्या बाजूस बसते. फेकताना त्याची फिरकी स्थिर राहते व दोर वेटोळ्यांनी सुटतो. ते शिकण्यास सोपे असून हलकी आमिषे त्याने चांगली फेकता येतात. नवशिक्यासाठी २५०० ते ४००० या मापांतील स्पिनिंग रीळ बहुतेक माशांना चालते.

बेटकास्टिंग रीळ काठीच्या वरच्या बाजूस बसते व फेकताना त्याची फिरकी स्वतः फिरते. जड दोर व जड आमिष यांसाठी ते अधिक अचूक असते. परंतु आमिषाचा वेग कमी झाल्यावरही फिरकी फिरत राहिली तर दोराचा गुंता होतो. तो टाळण्यासाठी फिरकीवर अंगठ्याचा हलका दाब ठेवावा लागतो.

ठरावीक ताणानंतर दोर आपोआप सुटू देणाऱ्या यंत्रणेला ड्रॅग म्हणतात. तो साधारणपणे दोराच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतका लावतात. २० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९ किलोंचा दोर असल्यास ड्रॅग २.२५ ते ३ किलोंवर सुटावा. हे साध्या स्प्रिंगच्या ताणकाट्याने मोजता येते. ड्रॅग फार घट्ट असणे हे दोर तुटण्याचे एक प्रमुख कारण आहे.

दोर

तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉन, स्वस्त असतो, ताणला जातो व त्याला गाठ चांगली बसते. मात्र तो पाणी शोषतो आणि उन्हाने कमजोर होतो. फ्लुओरोकार्बनचा दोर पाण्यात कमी दिसतो, लवकर बुडतो व घर्षण अधिक सोसतो. पण तो ताठ व महाग असतो. विणलेला पॉलिइथिलीनचा दोर जाडीच्या मानाने सर्वांत मजबूत असतो, जवळजवळ ताणत नाही व पाण्यावर तरंगतो. दगडावर ताणून घासल्यास मात्र त्याचे तंतू भराभर तुटतात. म्हणून त्याच्या टोकाला एक ते दोन मीटर फ्लुओरोकार्बन किंवा जाड तंगूस जोडतात. दाट वनस्पतींत मरळीसाठी मात्र रबरी बेडूक अनेकदा थेट विणलेल्या दोरालाच बांधतात.

विणलेला दोर गुळगुळीत फिरकीवर घसरतो. तो गुंडाळण्यापूर्वी फिरकीवर तंगुसाचे काही वेढे द्यावे लागतात. स्पिनिंग रिळाची फिरकी काठापासून दोन ते तीन मिलिमीटर रिकामी ठेवतात. त्याहून अधिक भरल्यास गुंता होतो, कमी भरल्यास आमिष दूर जात नाही.

बहुतेक गाठींनी दोराची ताकद काही प्रमाणात घटते. गाठ आवळण्यापूर्वी ओली केली नाही तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस कमजोर होतो. विणलेल्या दोरासाठी पालोमर गाठ प्रचलित आहे.

निगा व दुरुस्ती

सोलापूर भागात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. बंद गाडीत राहिलेल्या साधनांतील वंगण पातळ होऊन गळते, तंगूस ठिसूळ होतो व काठीवरील कड्यांचा चिकटवलेला लेप सैलावतो. काळ्या मातीचा बारीक गाळ रिळात गेल्यास दाते झिजतात.

• मासेमारीनंतर रीळ ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवतात. जोराच्या धारेखाली धुतल्यास गाळ आत ढकलला जातो व वंगण निघून जाते.

• दात्यांना ग्रीस आणि बेअरिंगला व दोर फिरणाऱ्या लहान चाकाला हलक्या तेलाचा एक थेंब देतात. जास्त तेलामुळे धूळ चिकटते.

• रीळ ठेवून देताना ड्रॅग सैल करतात; अन्यथा त्यातील चकत्या दबून राहतात व पुढच्या वेळी झटक्याने सुटतात.

• काठीच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवतात. कापसाचे तंतू अडकल्यास कडीला चीर आहे असे समजते. अशी कडी दोर कापते व ती बदलावी लागते.

• काठी उभी किंवा आडवी सरळ ठेवतात. भिंतीला तिरकी टेकवून ठेवल्यास तिला कायमचा बाक येतो.

• दोराचे शेवटचे दोन मीटर बोटांतून फिरवून तपासतात व खरखरीत लागलेला भाग कापून टाकतात. नियमित वापरातील तंगूस वर्षातून एकदा बदलणे इष्ट असते. विणलेला दोर उलटा गुंडाळून पुन्हा वापरता येतो.

• गळाचे टोक नखावर हलके टेकवून पाहतात. घसरत असेल तर ते बोथट झालेले असते.

पर्यावरण व नियम

फुगवट्याचा भिगवण परिसर हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. नायलॉनचा दोर लवकर कुजत नाही. पाण्यात सुटलेल्या दोरात पक्ष्यांचे पाय व पंख अडकतात आणि उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांना त्याचा विशेष धोका असतो. शिशाची वजने गिळल्याने पाणपक्ष्यांना विषबाधा होते. या कारणाने ब्रिटनने १९८७ मध्ये मासेमारीतील बहुतेक मापांच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. तुटलेला दोर गोळा करून घरी नेणे व शिशाऐवजी लोखंडी वजने किंवा दगड वापरणे हे त्यावरील साधे उपाय आहेत.

मरळीचे नर-मादी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करतात. पिलांच्या लालसर थव्याजवळ टाकलेल्या आमिषावर ते हमखास झेपावतात. असा मासा पकडल्यास संपूर्ण थवा इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडण्याचा संभव असतो. विणीच्या काळात अशा थव्यांपासून दूर राहण्याचा संकेत जाणकार गळकरी पाळतात.

राज्यातील जलाशयांत मासेमारीचे हक्क सामान्यतः परवाना किंवा ठेका पद्धतीने, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना दिले जातात. त्यामुळे हौशी मासेमारीसाठीही संबंधितांची परवानगी आवश्यक ठरते. पातळी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या काठावर वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो व त्यात पाय रुतण्याचा धोका असतो.

हे सुद्धा पहा

उजनी धरण
भीमा नदी
मरळ
भिगवण
मानसोल्लास