कौलाची कुळकथा

पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वर म्हसोबाच्या यात्रेनिमित्त बैलांचा, घोंगड्यांचा, सुक्या मासळीचा आणि शेतीच्या अवजारांचा मोठा बाजार ज्या गावी भरतो, त्या मुरबाड तालुक्यातील म्हशाला जाणारा माणूस देव पाहतो, बैल पाहतो आणि परततो. गावाची छपरे पाहण्याचे त्याला प्रयोजन नसते. तथापि दुकानांच्या फलकांवरून दृष्टी थोडी वर नेली, तर रस्त्याला लागून सिमेंटचा स्लॅब, त्याच्यामागे पत्रा, गावठाणात मंगलोरी कौल आणि डोंगराकडील पाड्यांतून कुठे नळीचे कौल, कुठे पेंढ्याने शाकारलेले पाखे, अशी चार-पाच पिढ्यांची वंशावळ या मुलखात एकाच वेळी नांदताना दिसते. या वंशावळीत मला सर्वांत अधिक विचार करण्याजोगे वाटते ते कौल. कारण ते आले तेव्हा केवळ घर बदलले नाही, तर घराचे डोंगराशी असलेले शेकडो वर्षांचे देणेघेणेच बदलले.

या मुलखातील पुरातन वास्तू म्हटल्या की आपल्या मनात दगड येतो, आणि तेही स्वाभाविक आहे. कल्याणहून जुन्नरकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग मुरबाड आणि वैशाखरे यांवरून नाणेघाट चढतो. तेथे सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख ज्या लेण्यात कोरलेला आहे, त्या लेण्याचे छप्पर म्हणजे प्रत्यक्ष डोंगर होय. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय 1060 सालचे. त्याचे शिखरही दगडाचेच. शहापुराजवळच्या माहुलीने 1636 साली शहाजीराजांचा अखेरचा प्रतिकार पाहिला. पण राणी, शिलाहार आणि किल्लेदार यांच्या छायेत जे कुणबी, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी राहत होते, त्यांच्या घरांतील एकही घर त्या काळचे उरलेले नाही. आणि उरले नाही म्हणूनच ते कसे बांधत, हे जाणण्यासाठी लेखांपेक्षा हातांच्या वहिवाटीकडे वळावे लागते.

ती वहिवाट अशी. चौथऱ्यावर सागाच्या किंवा ऐनाच्या मेढी रोवायच्या. मेढींच्या दुबेळक्यांवर तुळया आणि आढे टाकायचे. मेढींच्या दरम्यान कारवीच्या काठ्या एकीला एक खेटून उभ्या करायच्या, बांबूच्या कामट्यांनी त्या आडव्या बांधायच्या, आणि तांबडी माती, शेण व भाताचे तूस एकत्र मळून दोन्ही अंगांनी लिंपायचे. हा कूड. जवळून पाहिला तर लिंपणावर लिंपणाऱ्या बाईची चार बोटे कमानीसारखी उमटलेली असतात, आणि जेथे पापुद्रा गळाला असेल तेथे आतील कारवीचे करडे, गाठाळ कांड दिसते. ही कारवी सिद्धगड, गोरखगड आणि मच्छिंद्रगडाच्या उतारांवर माजते. साधारण आठ वर्षांतून एकदा सारा डोंगर जांभळा करून फुलते, आणि बी धरले की वाळून जाते. घराची भिंत अशा रीतीने डोंगराच्या पंचांगाला बांधलेली असे.

वर पेंढा, गवत किंवा सागाची पाने. वैशाख सरत आला की घर शाकारायचे, हे काम नांगरटीइतकेच अपरिहार्य. कारण सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस निष्काळजी माणसाला क्षमा करीत नाही. या छपराचे तीन शत्रू होते. पहिला पाऊस, दुसरी वाळवी आणि तिसरी, सर्वांत भयंकर, आग. चुलीतली एक ठिणगी अख्खा पाडा खाऊन टाकी. म्हणून ज्याला ऐपत होती तो कुंभाराकडे वळला.

कुंभाराचे कौल, ज्याला आपण नळीचे किंवा गावठी कौल म्हणतो, त्याची रीत पाहण्यासारखी आहे. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळते असे मातीचे नळकांडे उठवतो, ते थोडे आवळले की तारेने किंवा सुरीने उभे चिरतो, आणि एका नळकांड्याची दोन कौले होतात. मग आव्यात तूस, गोवऱ्या आणि काटक्या रचून ती भाजायची. छपरावर एक ओळ पालथी, एक ओळ उताणी. दोन्ही एकमेकींत अडकत नाहीत, केवळ वजनावर टिकतात. त्यामुळे वानर आले, मांजर धावले, वाऱ्याचा झोत लागला की कौल सरकणारच, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे हे पेंढ्याच्या शाकारणीचे काम नव्या रूपाने कायमच राहिले. शिवाय या कौलांखाली कारवीचे किंवा कामट्यांचे दाट अंथरूण लागते. म्हणजे कुंभाराचे कौल आले तरी डोंगर घरातून गेला नाही. उलट आव्याच्या सरपणासाठी त्याची गरज वाढली. मात्र या कौलाचा एक मोठा गुण होता: वाकडी मेढ, वाकडा वासा, जंगलात जसे लाकूड मिळेल तसे, त्याला चालत असे. छपराची रेघ डोंगराच्या रेघेसारखीच थोडी खालीवर होई.

याच्या पुढची पायरी समुद्रमार्गे आली. फ्रान्समधील आल्सास प्रांतात जिलार्डोनी बंधूंनी 1841 साली एकमेकांत खाचांनी अडकणारे सपाट कौल सिद्ध केले. स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातील मिशनने मंगळूरला पाय रोवले होते. धर्मांतर केलेल्या, आणि म्हणून जातीच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या कुटुंबांना रोजगार हवा होता. आणि नेत्रावती व गुरुपूर नद्यांच्या काठी चिकण मातीचा तोटा नव्हता. या तिन्हींचा मेळ घालून गेओर्ग प्लेब्स्ट या यंत्रकुशल मिशनऱ्याने 1865 साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. प्रारंभी बैलांकडून माती मळून घेतली जाई; पुढे वाफेचे यंत्र आले, मग दुसरे कारखानदार आले, आणि ‘मंगलोरी’ हे विशेषण कौलाच्या जातीचे नाव होऊन बसले. पतेमाऱ्या भरभरून ही कौले पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत आणि मुंबईत उतरू लागली. पहिल्या महायुद्धात मिशनचा व्यवहार इंग्रज सरकारने ताब्यात घेतला आणि तो कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. कौल मात्र आपल्या वाटेने चालत राहिले.

जुने घर उतरवताना असे एखादे कौल हाती आले तर ते उलटून पाहावे. वरच्या अंगाला लाल, गुळगुळीत पाठ आणि दोन उभे पन्हळ. खालच्या अंगाला रिपेला धरून बसणारी दोन ठळक बोंडे, आणि मध्ये उठावदार अक्षरांत कारखान्याचे नाव, कधी एखादे चिन्ह. बासेल मिशनच्या शिक्क्यात 1865 हा आकडाही असतो, आणि तो वाचून घर 1865 सालचे, असे पुष्कळ ठिकाणी मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे, कौलाच्या जन्माचा नव्हे. घराचे वय काढायचे तर कौलापेक्षा दप्तरावर आणि तुळयांवर अधिक विसंबावे.

कल्याणला रेल्वे 1854 च्या मे महिन्यात पोहोचली आणि तेथून दोन फाटे फुटले. एक शहापूर तालुक्यातून कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. मुरबाड या दोन फाट्यांच्या मध्ये राहिला, आणि आजही त्या तालुक्यात रेल्वेचे स्थानक नाही. कल्याणपर्यंत आलेला माल पुढे बैलगाडीनेच जायचा. एका चौरस मीटरला सुमारे पंधरा मंगलोरी कौले लागत आणि एकेकाचे वजन दोन-अडीच किलो. साधे घर म्हटले तरी गाड्यांच्या फेऱ्या मोजाव्या लागत. साहजिकच हे कौल प्रथम सावकाराच्या वाड्यावर आणि सरकारी कचेरीवर चढले, मग खातेदार कुणब्याच्या घरावर, आणि कातकऱ्याच्या खोपटावर तर ते पोहोचलेच नाही. छपरावरून माणसाची पत ओळखावी, असा तो काळ होता.

परंतु या कौलाच्या विजयाचे श्रेय एकट्या त्याच्या गुणांना देता येत नाही. त्यात जंगलखात्याचाही वाटा आहे. रेल्वेला स्लीपर आणि सरपण हवे, मुंबई शहराला इमारती लाकूड आणि कोळसा हवा, म्हणून सरकारने ठाणे जिल्ह्यातील रानांच्या हद्दी बांधल्या. 1878 च्या कायद्याने राखीव रान म्हणजे काय ते पक्के झाले, आणि ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या मेढ, कारवी, गवत आणि राबासाठी टहाळ आणले जाई, तेथे परवाना विचारला जाऊ लागला. भाताच्या रोपवाटिकेवर टहाळ, पाला आणि शेण पसरून जाळायचा हा राब म्हणजे येथील शेतीचा प्राण. त्याच्याविषयीचा असंतोष ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत इतका वाढला की सरकारला 1885 साली आयोग नेमावा लागला आणि 1887 साली त्याचा अहवाल आला. शेताच्या तक्रारीमागे घराची तक्रारही उभी होती, असे मी मानतो. कारण ज्या फांदीवर बंदी आली, तिच्यातूनच राबही होई आणि वासाही.

अशा वेळी मंगलोरी कौल सोयीचे ठरले. दुहेरी थरांच्या गावठी कौलांपेक्षा ते हलके, त्याला दाट अंथरूण नको, नुसत्या वाश्यांवर रिपा ठोकल्या की पुरे. एकूण लाकूड कमी लागे. पण ते लाकूड सरळ आणि करवतीने कापलेलेच हवे, कारण खाचेत खाच बसण्यासाठी रिपांमधले अंतर सर्वत्र सारखे असावे लागते. वाकड्या वाश्याचे दिवस संपले. आपल्या हाताने आणि भावकीच्या मदतीने उभे राहणारे घर आता सुतारावर, वखारीवर आणि दूरच्या कारखान्यावर अवलंबून झाले, आणि आढ्याची रेघ सुतात आली. कुंभाराचे आवे याच सुमारास एकेक करून थंडावत गेले.

पुढचा इतिहास भरभर घडला. मुंबईच्या पाण्यासाठी शहापूर तालुक्यात 1892 साली तानसा आणि 1957 साली मोडकसागर झाला, नंतर भातसा; मुरबाडच्या बाजूला औद्योगिक वसाहतींसाठी बारवी धरण आले, आणि त्याची उंची वाढवली तेव्हा तोंडली, मोहघर, काचकोली यांसारख्या गावांची घरे पाण्यात गेली. मुरबाडला कारखाने आले, शहापूर-मुरबाड-कर्जत रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, माळांवर शहरवासीयांची फार्महाऊसे उभी राहिली, आणि त्यांच्या छपरांवर शोभेसाठी तेच लाल कौल स्लॅबवर चिकटवलेले दिसू लागले, ज्याला आता पाऊसही अडवायचा नसतो.

जुनी घरे कशाने टिकतात, हे पाहायचे तर इंग्लंडातील सफोक परगण्यात लॅव्हनम नावाचे एक लहान गाव आहे. तेथील घरे ओकच्या खांबांची, आणि खांबांमधली भिंत काटक्यांवर माती, शेण व गवताचा लगदा लिंपून केलेली. म्हणजे आपला कूडच. लोकरीच्या कापडावर ते गाव श्रीमंत झाले, मग तो धंदा बसला, नवी घरे बांधायला पैसा उरला नाही, आणि म्हणून जुनी घरे टिकली. पुढे 1947 च्या नगररचना कायद्याने देशभर जुन्या इमारतींच्या याद्या करण्याची व्यवस्था लावली, आणि दारिद्र्याने जे राखले ते कायद्याने सांभाळले. रेल्वेने टाळलेल्या मुरबाडातही जुनी घरे टिकली ती अशाच उपेक्षेमुळे. फरक इतकाच की आपल्याकडे लेणे, मंदिर आणि किल्ला यांच्या याद्या आहेत. कूड आणि कौल यांच्या नाहीत.

ज्यांनी कौले उतरवून स्लॅब घातला त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. दर आठवड्याला सारवण, दर वर्षी लिंपण आणि शाकारणी, हे कष्ट बहुतांशी बायकांच्या वाट्याचे होते. कारवी तोडायला मोकळीक नाही, कौले चाळणारा माणूस मिळत नाही, आणि 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतील किमान पंचवीस चौरस मीटरचे घरकुल पक्के असावे, ही अट आहे. आपले घर न गळणारे असावे, ही इच्छा सातवाहनांच्या काळातील माणसाचीही असणार. मला खंत आहे ती घर गेल्याची नव्हे, तर त्याची माहिती न घेता ते गेल्याची. कूड बांधताना कोणती गाठ मारतात, पाख्याला उतार किती ठेवतात, कोणत्या नक्षत्रात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही असे म्हातारे मानीत, हे सारे अद्याप सांगू शकणारी माणसे पाड्यांतून आहेत आणि त्यांची वये झाली आहेत.

हे काम अवघड नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदवहीत प्रत्येक घराची कर आकारणी त्याच्या बांधणीच्या प्रकारावरून लिहिलेली असते. म्हणजे यादी तयारच आहे. मुरबाड-शहापूरच्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी ती वही घेऊन एक उन्हाळा गावोगाव फिरावे, कौलारू व कुडाच्या घरांची मापे, छायाचित्रे आणि बांधणाऱ्यांची नावे उतरून घ्यावीत, आणि घर उतरवणाऱ्या मालकाने निदान शिक्क्याची दोन कौले व एक कोरलेला खांब गावच्या शाळेत आणून ठेवावा, एवढीच विनंती आहे.