दूरस्थ आज्ञा आणि नोडचे स्वामित्व : बिटकॉइनच्या इतिहासातील एक प्रकरण

बिटकॉइन या चलनपद्धतीचा इतिहास बहुधा तिच्या भावातील चढउतारांच्या अनुरोधाने सांगितला जातो. तिच्या अंतर्गत व्यवस्थेतील अधिकाराच्या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या प्रश्नाचा एक मर्यादित भाग होय. बिटकॉइनच्या जाळ्यातील संगणकाला, म्हणजे ‘नोड’ला, दुरून आज्ञा देण्याची सोय केव्हा निर्माण झाली, ती कोणाच्या हाती राहिली आणि तिच्यावर कोणती बंधने घालावी लागली, याचा विचार येथे केला आहे. २०१० साली, दोन महिन्यांच्या आत, अशा आज्ञांचे दोन मार्ग उघडले गेले. एक नोडच्या मालकासाठी होता, दुसरा जाळ्याच्या प्रवर्तकासाठी. पहिला आजही चालू आहे. दुसरा मात्र त्याच्या रक्षकांनीच बंद केला. या भिन्न परिणतीचे कारण तपासून पाहण्याजोगे आहे.

१

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी या पद्धतीचा आराखडा प्रसिद्ध केला व ३ जानेवारी २००९ रोजी तिच्या खातेवहीतील पहिला खंड, म्हणजे ब्लॉक, तयार झाला. या पद्धतीत मध्यवर्ती पेढी नाही. प्रत्येक नोड हिशेब स्वतः तपासतो आणि नियमात न बसणारा व्यवहार, तो कोणाकडूनही आलेला असो, नाकारतो. नोडने आपल्या मालकाखेरीज कोणाचेही ऐकू नये, हे या रचनेचे मूलतत्त्व म्हणता येईल.

आरंभीचा कार्यक्रम विंडोज संगणकाच्या पडद्यावर खिडकी उघडून चालत असे. मालकाने समोर बसावे, कळ दाबावी आणि पैसे पाठवावे, एवढीच त्याची रीत होती. एखाद्या दुकानाला किंवा विनिमयकेंद्राला ती पुरणारी नव्हती. दिवसभर येणाऱ्या रकमांची नोंद दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाने आपोआप घ्यावयाची, तर त्या कार्यक्रमाला नोडशी बोलता आले पाहिजे. जुलै २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ०.३.० या आवृत्तीत ही सोय झाली. पडद्याविना पार्श्वभूमीत चालणारा ‘बिटकॉइन-डी’ हा कार्यक्रम आणि ‘जेसन-आरपीसी’ ही आज्ञापद्धती त्या आवृत्तीत होती. आज्ञेचे नाव व तपशील ठराविक मजकुराच्या रूपाने ८३३२ क्रमांकाच्या द्वारावर पाठवावयाचा आणि त्याच रूपात उत्तर घ्यावयाचे, असा हा व्यवहार होता. शिल्लक विचारणे, नवा पत्ता मागणे, रक्कम धाडणे, इतकेच नव्हे तर नोड बंद करणेही आता एका ओळीच्या आज्ञेने साधू लागले.

या द्वाराला प्रथम कुलूप नव्हते. आज्ञा त्याच संगणकावरून आली पाहिजे, एवढीच अट होती. परंतु एका संगणकावर अनेक कार्यक्रम चालतात, आणि न्याहाळकात उघडलेल्या परक्या पानातील संहिताही त्याच संगणकावर चालत असते. अशा पानाने गुपचूप आज्ञा धाडली, तर नोडला ती मालकाचीच वाटावयाची. हा धोका ध्यानात आल्यावर त्याच महिन्यात, ०.३.३ या आवृत्तीत, गॅव्हिन अँड्रेसेन यांनी केलेला बदल समाविष्ट झाला व परवलीच्या शब्दाविना आज्ञा न स्वीकारण्याचा नियम घातला गेला. आज्ञा कोठून आली एवढे पाहून भागत नाही, ती देणारा कोण हेही पाहावे लागते, हा धडा अशा रीतीने आरंभीच्या काही आठवड्यांतच मिळाला.

२

दुसरा मार्ग एका संकटातून निघाला. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये एक विलक्षण व्यवहार आढळला. त्यात दोन पत्त्यांना प्रत्येकी ९२ अब्जांहून अधिक बिटकॉइन मिळाल्याची नोंद होती. या चलनाची एकूण मर्यादा २ कोटी १० लाखांची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या नोंदीचे गांभीर्य कळते. रकमांची बेरीज संगणकाच्या अंकमर्यादेबाहेर गेल्याने ती ऋण ठरत होती आणि तपासणीतून निसटत होती. काही तासांत दुरुस्त आवृत्ती काढण्यात आली, ती पुरेशा लोकांनी चालविली आणि दुसऱ्या दिवशी शुद्ध मालिकेने सदोष मालिकेला मागे टाकले.

या प्रसंगाने एक उणीव उघड झाली. ज्यांनी बातमी वाचली नव्हती त्यांचे नोड सदोष मालिकेवर विश्वास ठेवून चालत राहिले होते. विशेषतः ज्या व्यवसायांत माणूस समोर नसताना जेसन-आरपीसीच्या आज्ञांनी रकमा दिल्या-घेतल्या जात, त्यांना मोठा धोका होता. यावर उपाय म्हणून सातोशी यांनी ऑगस्टच्या अखेरीस, ०.३.११ या आवृत्तीत, ‘अलर्ट’ म्हणजे इशाऱ्याची यंत्रणा घातली. गुप्त किल्लीने स्वाक्षरित केलेला संदेश जाळ्यात सोडला, की नोड तो एकमेकांकडे पोहोचवीत. स्वाक्षरी पडताळण्याची उघड किल्ली प्रत्येक नोडच्या कार्यक्रमातच कोरलेली होती. संदेश खरा ठरला तर नोड पडद्यावर इशारा दाखवी आणि, इशारा तशा प्रकारचा असल्यास, ‘सुरक्षित अवस्थे’त जाई. या अवस्थेत पैशांसंबंधीच्या आरपीसी आज्ञा पाळल्या जात नसत.

या व्यवस्थेचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. मालकाने आपल्या नोडला ‘रक्कम धाड’ म्हणावे आणि नोडने दूरच्या एका किल्लीधारकाच्या सांगण्यावरून नकार द्यावा, असा तो अर्थ होता. हेतू संरक्षणाचा होता यात शंका नाही. परंतु जो संरक्षणासाठी व्यवहार थांबवू शकतो तो अन्य कारणासाठीही थांबवू शकतो, आणि किल्ली चोरणारा किंवा किल्लीधारकावर दडपण आणणारा त्याच्याच जागी येऊन बसतो. मध्यवर्ती सत्ता नको म्हणून उभारलेल्या पद्धतीत अशी किल्ली असावी काय, असा आक्षेप त्या वेळीच घेतला गेला. सुरक्षित अवस्था नाकारण्याचा एक पर्याय मालकाला देण्यात आला. तथापि आक्षेपाचे मूळ त्याने नाहीसे झाले नाही.

१२ डिसेंबर २०१० रोजी सातोशी यांनी ०.३.१९ ही आवृत्ती जाहीर केली. इशाऱ्याने नोडला सुरक्षित अवस्थेत नेण्याचा अधिकार तीत काढून टाकला होता. ती तरतूद तात्पुरती होती, आणि नकाराचा पर्याय असला तरी असा अधिकार मुळी नसणेच बरे, असा त्यांच्या खुलाशाचा आशय होता. बिटकॉइनच्या चर्चापीठावरील त्यांचे हे अखेरचे निवेदन ठरले. सार्वजनिक व्यवहारातून नाहीसे होण्यापूर्वी प्रवर्तकाने केलेल्या शेवटच्या कामांत स्वतःचा अधिकार कमी करण्याचे काम होते, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

३

आज्ञेचा अधिकार गेला तरी इशाऱ्याचा उरला. गुप्त किल्ली अँड्रेसेन यांच्यासह थोड्या जणांच्या हाती राहिली. मार्च २०१३ मध्ये तिचा उपयोग झाला. २२५४३० क्रमांकाच्या ब्लॉकपाशी ०.८ ही नवी आवृत्ती आणि तिच्या पूर्वीच्या आवृत्त्या यांच्यात मतभेद होऊन खातेवहीचे दोन फाटे फुटले. तेव्हा ०.८ वर खाणकाम थांबविण्याविषयीचा इशारा प्रसृत करण्यात आला. परंतु फाटा मिटला तो इशाऱ्याच्या बळाने नव्हे. मोठ्या खाणसंघांच्या चालकांशी प्रत्यक्ष बोलणी झाली आणि त्यांनी स्वतःचा तोटा पत्करून जुन्या आवृत्तीकडे परतण्याचे मान्य केले, म्हणून तो मिटला. आज्ञेवाचूनही जाळे सावरू शकते, हे या प्रसंगाने दाखविले.

पुढे किल्लीच चिंतेचा विषय झाली. ती नेमकी किती जणांपाशी आहे याची खात्री देता येत नव्हती. शिवाय किल्लीधारकाने ठरविल्यास असंख्य संदेश सोडून जुन्या नोडांची स्मृती भरून टाकावी, असे दोष संहितेत आढळले होते. २०१६ साली ०.१३.० या आवृत्तीतून ही यंत्रणा वगळण्यात आली. जानेवारी २०१७ मध्ये अखेरचा इशारा सोडण्यात आला. त्याला शक्य तितका मोठा क्रमांक दिला होता. त्यामुळे आधीचे सर्व इशारे रद्द झाले आणि नवा इशारा त्याच्यावर मात करू शकेना. जुलै २०१८ मध्ये तर गुप्त किल्लीच जाहीररीत्या प्रसिद्ध करण्यात आली. दरबारी शिक्का सर्वांच्या हाती दिला म्हणजे त्याच्या उमटलेल्या ठशाला किंमत उरत नाही. येथे तो मुद्दाम तसा निरुपयोगी करण्यात आला.

४

मालकाचा मार्ग मात्र टिकला, तो उत्तरोत्तर अरुंद होत. सप्टेंबर २०११ मध्ये ०.४.० या आवृत्तीने पैशांच्या पेटीला सांकेतिक कुलूप दिले. आरपीसीच्या आज्ञेने ते ठराविक सेकंदांपुरतेच उघडता येई. २०१४ मध्ये आज्ञा देणारा कार्यक्रम ‘बिटकॉइन-सीएलआय’ या नावाने नोडपासून वेगळा केला गेला. २०१६ मध्ये आरपीसीतील अंगभूत एसएसएल आवरण काढण्यात आले. दुरून यावयाचे असेल तर मालकाने स्वतः वेगळा सुरक्षित मार्ग बांधावा, असा त्याचा अर्थ होता. २०२० मध्ये कोणत्या वापरकर्त्याने कोणत्या आज्ञा द्याव्यात याची यादी ठरविण्याची सोय आली. अशा रीतीने हिशेबनिसाला शिल्लक पाहू देऊन रक्कम धाडण्याची मुभा नाकारणे शक्य झाले.

ही दक्षता अनाठायी नव्हती, हे इथेरियम या दुसऱ्या जाळ्याच्या अनुभवावरून दिसते. तेथील ‘गेथ’ या नोडचे आज्ञाद्वार ८५४५ क्रमांकाचे आहे. ते उघड्या आंतरजालावर ठेवू नये, असा इशारा ऑगस्ट २०१५ मध्येच देण्यात आला होता. तरीही अनेकांनी ते उघडे ठेवले. चोर अशा द्वारांवर सतत पाळत ठेवीत आणि मालकाने आपले खाते क्षणभर उघडताच रक्कम स्वतःकडे वळवीत. जून २०१८ मध्ये एका सुरक्षासंशोधक गटाने अशा रीतीने जमा केलेले ३८,००० हून अधिक इथर एका पत्त्यावर असल्याचे दाखवून दिले. त्यांची तत्कालीन किंमत सुमारे २ कोटी डॉलर होती. या चोऱ्यांत नोड बिघडला नव्हता. त्याने आज्ञा बिनचूक पाळली होती. आज्ञा देणारा तेवढा परका होता.

एकूण इतिहास पाहता असे म्हणता येईल की, दूरस्थ आज्ञेचा प्रश्न अंतराचा नसून अधिकाराचा आहे. मालकाने दुरून दिलेली आज्ञा नोडच्या स्वातंत्र्याशी विसंगत नाही. हितचिंतक प्रवर्तकाची आज्ञा मात्र, ती कितीही सद्धेतूची असो, त्याच्याशी विसंगत ठरते. मात्र या निवडीची किंमतही मोजावी लागली आहे. आज नवा दोष उद्भवला तर सर्व नोडांना एका किल्लीने सावध करण्याचे साधन बिटकॉइनपाशी नाही, आणि मालकाने आपले द्वार उघडे टाकले तर त्याला वाचविणारा कोणी नाही. स्वामित्व आणि संरक्षण यांपैकी या पद्धतीने स्वामित्व पत्करले. आपल्या द्वाराची राखण करण्याचे ओझे त्यामुळे प्रत्येक मालकाच्या शिरावर आले.