वानखेडे, फेब्रुवारी १९९३ : कसोटीचा फलंदाज ओळखायचा कसा?

फेब्रुवारी १९९३ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर झालेली भारत-इंग्लंड कसोटी आपल्याकडे स्मरणात राहिली ती विनोद कांबळीच्या २२४ धावांमुळे. भारताने तो सामना एक डाव आणि १५ धावांनी जिंकला आणि मालिका ३-० अशी खिशात घातली. त्याच सामन्यात इंग्लंडच्या पहिल्या डावातील ३४७ पैकी १७८ धावा एकट्या ग्रॅम हिकच्या होत्या, याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. हिकचे ते पहिले कसोटी शतक. कांबळीची ती अवघी तिसरी कसोटी.

त्या पाच दिवसांत वानखेडेवर बसलेल्या जाणत्या प्रेक्षकाला कोणी विचारले असते की या दोघांचे पुढे काय होईल, तर उत्तर सोपे वाटले असते. हिकला अखेर सूर गवसला आणि कांबळी दहा-बारा वर्षे खेळणार. दोन्ही भाकिते चुकली. हिकची ती १७८ धावांची खेळी त्याची कसोटीतील सर्वोच्च ठरली. कांबळीचा शेवटचा कसोटी सामना त्यानंतर तीन वर्षांच्या आत आला, तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

आजचा धागा या दोन कारकिर्दींच्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाविषयी आहे. गुणी तरुण फलंदाज समोर आला, त्याच्या नावावर धावांचे डोंगर असले, तर तो कसोटीत टिकेल की नाही हे निवड समितीने ओळखायचे कशावरून?

आधी हिक. जन्म ऱ्होडेशियातला, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतला. इंग्लंडकडून खेळण्याची पात्रता मिळावी म्हणून त्याला सात वर्षे वाट पाहावी लागली. ती सात वर्षे त्याने वूस्टरशायरसाठी अक्षरशः धावा उपसल्या. मे १९८८ मध्ये टाँटन येथे सॉमरसेटविरुद्ध नाबाद ४०५. त्याच महिन्याच्या अखेरीस, मे संपण्यापूर्वी हजार धावा पूर्ण करण्याचा दुर्मीळ पराक्रम. १९९१ च्या जूनमध्ये हेडिंग्लेवर त्याने कसोटी पदार्पण केले, तेव्हा त्याच्या नावावर प्रथम श्रेणीतील पन्नासहून अधिक शतके होती. ब्रॅडमननंतर असा धावांचा यंत्रमानव झाला नाही, असा सूर तेव्हा इंग्लंडमध्ये होता.

समोर होता वेस्ट इंडिज. त्या मालिकेत हिक चार कसोटी खेळला. सात डाव आणि एकूण ७५ धावा. बहुतेक वेळा त्याला बाद करणारा गोलंदाज एकच, कर्टली अँब्रोज. पाचव्या कसोटीआधी त्याला वगळण्यात आले. न्यूझीलंडच्या जॉन ब्रेसवेलने मारलेला, ‘सपाट खेळपट्टीवरचा दांडगा’ अशा अर्थाचा शेरा हिकला जन्मभर चिकटला.

हा शेरा मला नेहमीच आळशी वाटत आला आहे. कारण हिकने मे १९८८ मधील त्या हजार धावा पूर्ण केल्या त्या दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडिजविरुद्ध वूस्टरला १७२ धावा काढून. म्हणजे तो प्रश्न त्याला विचारला गेला नव्हता असे नाही. तो सराव सामन्यात विचारला गेला होता. दौऱ्यावरचा वेगवान गोलंदाज काउंटीविरुद्ध अंग मोकळे करून घेतो, दमसास राखून ठेवतो, आणि समोरच्याचे दोष तिथे उघडे पाडण्याची त्याला घाई नसते. कसोटीत तोच गोलंदाज एका फलंदाजासाठी षटकामागून षटक एकाच जागी टप्पा ठेवतो, जवळचे क्षेत्ररक्षक आणून उभे करतो, आणि पुढच्या कसोटीत पुन्हा तेथूनच सुरुवात करतो. अँब्रोजने हिकशी नेमके हेच केले.

आता थोडे हिशेबाचे बोलू. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोहोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्यातला बराचसा वेळ चेंडूचा टप्पा ओळखण्यात जातो. उरलेल्या वेळात पाय हलवायचा, बॅट आणायची, किंवा काहीच न करता चेंडू सोडून द्यायचा. रणजीच्या संथ खेळपट्टीवर मध्यमगती गोलंदाजाचा चेंडू याहून सावकाश येतो आणि टप्पा पडल्यावर कमरेच्या वर क्वचितच उसळतो. तिथे पाय थोडा चुकला तरी हात ती चूक सावरून घेतात. कसोटीत हातांना ती सवड मिळत नाही. स्थानिक क्रिकेटमधील सरासरी ही बहुतांशी, हात किती चुका सावरून घेऊ शकतात, याची सरासरी असते.

वानखेडेवरील त्या सामन्यात कांबळीसमोरचे फिरकी गोलंदाज होते जॉन एम्बुरी आणि फिल टफनेल. फिरकीपुढे कांबळीचे पाय ज्या आत्मविश्वासाने निघत, तसे त्या पिढीत फार थोड्यांचे निघत. त्यानंतर लगेच दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७, मग कोलंबोतील दोन कसोटींत श्रीलंकेविरुद्ध १२५ आणि १२०. पहिल्या सात कसोटींत ७९३ धावा, सरासरी ११३ च्या वर. १४ डावांत त्याने हजार धावा पुऱ्या केल्या. भारतीय फलंदाजांत इतक्या कमी डावांत ते अन्य कोणाला जमलेले नाही. शारदाश्रम शाळेकडून १९८८ साली आझाद मैदानावर सचिन तेंडुलकरबरोबर ६६४ धावांची अभेद्य भागीदारी करताना कांबळीच्या ३४९ आणि सचिनच्या ३२६ होत्या, हेही तेव्हा आवर्जून सांगितले जाई. ‘दोघांत जास्त गुणी कोण’ हा मुंबईच्या मैदानांवरचा त्या काळचा आवडता वाद.

१९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. कोर्टनी वॉल्श कर्णधार, सोबतीला केनी बेंजामिन. मुंबई, नागपूर, मोहाली. तीन कसोटींतील सहा डावांत कांबळीच्या ६४ धावा झाल्या. हिकच्या १९९१ मधील ७५ धावा येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. त्याच मालिकेत सचिनने नागपूरला १७९ धावा केल्या. आखूड टप्प्याचा, छातीकडे उसळणारा चेंडू कांबळीला त्रास देतो हे एकदा उघड झाल्यावर ती बातमी ड्रेसिंगरूममधून ड्रेसिंगरूममध्ये पोहोचायला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्धच्या पावसाने धुऊन निघालेल्या मालिकेत त्याला फारसे काही करता आले नाही आणि कटकची कसोटी शेवटची ठरली. एकूण १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. शेवटच्या दहा कसोटींत २९१.

कांबळीच्या मैदानाबाहेरील आयुष्याच्या कहाण्या अनेकांनी अनेकदा सांगितल्या आहेत. त्या येथे नकोत. त्या सांगितल्या की निवड समितीचे काम आपोआप सोपे होते, आणि आपला विषय ते काम कठीण का आहे हा आहे.

मग ते नीट केल्याची उदाहरणे आहेत का? आहेत, आणि त्यातील एक आपल्या डोळ्यांदेखत, त्याच वानखेडेवर घडलेले. दिलीप वेंगसरकर मुंबईचा कर्णधार असताना त्याने पंधरा वर्षांच्या सचिनला नेटमध्ये पाहिले. गोलंदाजी करणारा कपिल देव होता. त्या पोराला कपिलचा चेंडू उशिरा दिसत नाही, एवढे वेंगसरकरला पुरेसे होते. शालेय क्रिकेटमधील धावांचे आकडे तर सगळ्या मुंबईला तोंडपाठ होते. वेंगसरकरने विश्वास ठेवला तो समोर कोण होता यावर. डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणात सचिनने नाबाद शतक ठोकले.

त्यानंतरच्या घडामोडी तितक्याच बोलक्या आहेत. १९८९ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी सचिनचे नाव चर्चेत आले, पण इतक्या लहान वयात त्या तोफखान्यासमोर त्याला उभे करू नये असे ठरले. काही महिन्यांनी राजसिंग डुंगरपूर यांच्या समितीने त्याला पाकिस्तानला पाठवले, जिथे इम्रान, वसिम आणि वकार होते! कराचीतील पहिल्या डावात १५ धावा. सियालकोटला वकारचा चेंडू नाकावर लागला, रक्त आले, आणि तो खेळत राहून ५७ धावा करून गेला. नेटमध्ये दिसलेली गोष्ट खरी होती याचा पुरावा माझ्या मते कराचीच्या १५ धावांत नाही आणि पुढच्या शतकांतही नाही. तो सियालकोटच्या त्या ५७ धावांत आहे.

इंग्लंडला हाच धडा गिरवायला १९९९ उजाडावे लागले. तोपर्यंत हिक आणि त्याच्याबरोबर हेडिंग्लेवरच पदार्पण केलेला मार्क रामप्रकाश यांना कितीतरी वेळा संघात घेतले आणि काढले गेले. रामप्रकाशची प्रथम श्रेणीतील शतके ११४. कसोटीत ५२ सामन्यांनंतर सरासरी २७.३२. हिकची शतके १३६. कसोटीत ६५ सामने, सरासरी ३१.३२. या माणसांना फलंदाजी येत नव्हती असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. सिडनीला जानेवारी १९९५ मध्ये हिक ९८ वर नाबाद असताना कर्णधार माइक आथर्टनने डाव घोषित केला होता. ज्या फलंदाजाच्या स्थानाची शाश्वती नाही त्याच्या बाबतीत असा निर्णय काय करून जातो, हे कोणत्याही सरासरीत उतरत नाही.

झिम्बाब्वेचाच डंकन फ्लेचर १९९९ मध्ये इंग्लंडचा प्रशिक्षक झाला. त्याआधी तो ग्लॅमर्गन काउंटीकडे होता आणि तिथे त्याने सॉमरसेटच्या मार्कस ट्रेस्कोथिकला आपल्या संघाविरुद्ध टाँटनला १६७ धावा काढताना पाहिले होते. ट्रेस्कोथिकच्या काउंटीतील धावा डोळे दिपवणाऱ्या नव्हत्या. मायकेल वॉनच्या तर मुळीच नव्हत्या. फ्लेचरच्या काळात दोघेही संघात आले. वॉनचा पहिला डाव जोहान्सबर्गला नोव्हेंबर १९९९ मध्ये. ॲलन डोनाल्ड आणि शॉन पोलॉक यांच्यापुढे इंग्लंडची अवस्था ४ बाद २ होती. वॉनने ३३ धावा केल्या. पुढे २००२-०३ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याने एका मालिकेत ६३३ धावा केल्या.

आता हे आकडे पाहा. कारकीर्द संपली तेव्हा वॉनची प्रथम श्रेणीतील सरासरी ३६.९५, कसोटीतील ४१.४४. ट्रेस्कोथिकची प्रथम श्रेणीत ४१.०५, कसोटीत ४३.७९. म्हणजे वरच्या वर्गाची परीक्षा दोघांना खालच्या वर्गापेक्षा सोपी गेली. खरे तर सोपी नव्हे. त्यांचे खेळणे मुळातच वेगवान आणि उसळत्या चेंडूसाठी घडलेले होते, आणि काउंटीच्या मऊ खेळपट्ट्यांवर त्याचे पुरते मोल होत नव्हते. यात आणखी एक गोष्ट विसरू नये. २००० पासून इंग्लंडच्या मंडळाने प्रमुख खेळाडूंना केंद्रीय करार दिले. एका अपयशाने जागा जाणार नाही ही खात्री, जी हिकला कधीच नीट मिळाली नाही, ती ट्रेस्कोथिकच्या पिढीला मिळाली. फ्लेचरची नजर चांगली होतीच, पण ती खरी ठरायला लागणारा वेळही त्याच्या हाती होता.

येथून पुन्हा कांबळीकडे वळले की एक गोष्ट मनाला टोचते. त्याच्या १७ कसोटींपैकी १३ भारतात झाल्या, तीन श्रीलंकेत आणि एक न्यूझीलंडमध्ये. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडिज यांपैकी कोठेही तो एकही कसोटी खेळला नाही. उसळता चेंडू त्याला खेळता येत नाही हा निकाल आपण भारतातील सहा डावांवर दिला आणि फाइल बंद केली. निकाल कदाचित बरोबरही असेल. पण हिकला ६५ संधी देऊन इंग्लंडने जे उत्तर मिळवले, ते आपण मिळवलेच नाही. जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर पदार्पण करताना सौरव गांगुलीने १३१ आणि राहुल द्रविडने ९५ धावा केल्या, आणि मधल्या फळीत कोणासाठी जागाच उरली नाही.

त्या बंद झालेल्या दाराबाहेर आणखी एक मुंबईकर उभा होता. ६६४ च्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला, आचरेकर सरांचाच शिष्य अमोल मुझुमदार. १९९३-९४ च्या हंगामात हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातील तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. २० वर्षांत ११,१६७ धावा, ३० शतके, सरासरी ४८.१३. तो वॉन ठरला असता की रामप्रकाश, हे सांगणारा एकही कसोटी डाव त्याच्या नावावर नाही.