पुस्तक आपलं, फाइल कोणाची?

पुण्यात घेतलेलं कागदी पुस्तक न्यू जर्सीतही उघडतं. ई-पुस्तकाचं तसं नाही. ते कुठे उघडणार हे फाइलच्या प्रकारावर, म्हणजे फॉरमॅटवर ठरतं. आणि या फॉरमॅटांचं भांडण मुख्यतः अमेरिकेत झालं.

१९९९ साली 'ओपन ई-बुक' हा सामायिक साचा ठरला. त्यातून सप्टेंबर २००७ मध्ये ईपब हे खुलं मानक आलं. दोनच महिन्यांनी ॲमेझॉनचं किंडल बाजारात आलं, पण त्यावर ईपब उघडत नसे. ॲमेझॉननं २००५ मध्ये मोबिपॉकेट ही फ्रेंच कंपनी विकत घेतली होती आणि किंडलची फाइल तिच्या फॉरमॅटवर बेतलेली होती. मोबिपॉकेटची मुळंही ओपन ई-बुकमध्येच होती. म्हणजे भावंडंच, पण एकमेकांच्या घरी जाईनात! नूक आणि कोबो ईपबच्या बाजूनं राहिले. २०२२ मध्ये ॲमेझॉननं वाचकानं पाठवलेलं ईपब किंडलसाठी बदलून द्यायला सुरुवात केली. कुलूपबंद ईपब मात्र तिथे आजही चालत नाही.

हे कुलूप फॉरमॅटपेक्षा महत्त्वाचं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली.

मराठीची अडचण याच्याही आधीची. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. पण आपली पुस्तकं कित्येक वर्षं श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँटांत जुळवली गेली. त्या जुन्या फाँटांत पडद्यावर देवनागरी दिसे, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असत. पीडीएफ फाँट सोबत घेऊनच फिरते, म्हणून ती सगळीकडे नीट दिसते आणि म्हणूनच परदेशी मराठी वाचकाच्या संग्रहात तिचीच गर्दी. पण सहा इंची पडद्यावर तिची अक्षरं मुंगीएवढी होतात. अशा जुन्या पीडीएफचं ईपब करायला जावं, तर हाती अगम्य रोमन अक्षरं येतात. किंडलच्या भारतीय दुकानात मराठी पुस्तकांचा विभाग आला तो डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे किंडलनंतर नऊ वर्षांनी.

आपल्याला आजोबांची पुस्तकं वारशानं मिळाली, कारण कागदाला परवाना लागत नाही. आपल्या नातवंडांना तसाच वारसा द्यायचा, तर मराठी प्रकाशकांकडे दोन गोष्टी मागायला हव्यात: युनिकोडमधला मजकूर आणि बिनकुलपाचं ईपब. ई-वाचक बदलत राहतील. अशी फाइल जपली, तर पुस्तक पुढच्या यंत्रावरही नेता येईल.