सुगंधी तेलाची बाटली उघडण्याआधी दोन कागद वाचा

रमजान आणि ईद जवळ आली की आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी घरांत अत्तराचे रोल-ऑन भरले जातात, साबण ओतले जातात, बखूर आणि सुगंधी मेणबत्त्या तयार होतात. अनेक भगिनींना यातून घरबसल्या चार पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तेल विकत घेताना आपण बाटलीवर काय पाहतो? ‘अल्कोहोल-फ्री’, ‘हलाल’, ‘नॅचरल’. हे शब्द आपापल्या जागी ठीक. मात्र हे तेल अंगाला किती प्रमाणात लावले तर चालेल, हे त्यातला एकही शब्द सांगत नाही. ते सांगणारे कागद वेगळे असतात. ते कोणते आणि कसे वाचायचे, हे आम्ही इथे सोप्या भाषेत देत आहोत.

पहिला कागद: इफ्रा प्रमाणपत्र

इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, स्थापना 1973 ची. कोणता सुगंधी घटक कुठल्या वस्तूत किती वापरावा, याचे नियम ती ठरवते आणि वेळोवेळी बदलते. 51 वी सुधारणा 2023 साली आली. प्रमाणपत्र मात्र इफ्रा देत नाही, तेल बनवणारी कंपनी देते. म्हणून त्यावर कंपनीचे नाव, तेलाचे नेमके नाव किंवा कोड, आणि कितव्या सुधारणेनुसार ते दिले आहे, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात.

या कागदावर वस्तूंचे 12 गट असतात आणि प्रत्येक गटापुढे टक्केवारी असते. घरगुती कामाला लागणारे गट असे:

• गट 1: ओठांना लावायच्या वस्तू
• गट 4: अत्तर आणि परफ्यूम
• गट 5अ: अंगाला लावायचे लोशन
• गट 5ड: बाळांसाठीचे क्रीम, तेल
• गट 9: साबण, शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तू
• गट 12: मेणबत्तीसारख्या, त्वचेला न लागणाऱ्या वस्तू

म्हणजे तेल ‘चांगले’ की ‘वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. तेच तेल मेणबत्तीत चालेल, साबणात थोडे चालेल आणि बाळाच्या तेलात अजिबात चालणार नाही.

हिशेब कसा करायचा

गणित शेकडेवारीचे आहे, शाळेत जाणारा मुलगा-मुलगीही करून देईल. उदाहरणापुरते आकडे घेऊ. गट 9 पुढे 3 टक्के लिहिले असेल, तर 1 किलो साबणात जास्तीत जास्त 30 ग्रॅम तेल. गट 4 पुढे 25 टक्के असेल, तर 12 ग्रॅम अत्तरात 3 ग्रॅम सुगंधी तेल आणि 9 ग्रॅम साधे तेल. अशा वेळी दुकानातून आणलेले तेल जसेच्या तसे रोल-ऑनमध्ये भरणे म्हणजे मर्यादेच्या चौपट झाले!

दोन सुगंध एकत्र करत असाल तर दोघांपैकी जी मर्यादा कमी, तिच्या आत दोन्हींची बेरीज ठेवा. आणि थेंब मोजू नका. थेंब लहान-मोठा होतो, काट्यावर वजन करा.

दुसरा कागद: एसडीएस

एसडीएस म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक. यात 16 भाग असतात, पण चार तरी वाचाच. भाग 2 मध्ये धोके, भाग 3 मध्ये धोकादायक घटक, भाग 4 मध्ये प्रथमोपचार आणि भाग 9 मध्ये फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते. मेणबत्तीवाल्यांनी हा शेवटचा आकडा पाहावा आणि तेल गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये. लहान मूल तेल प्यायले तर उलटी करवू नका. बाटली आणि हा कागद घेऊन थेट दवाखाना गाठा.

कोणत्या नावांवर थांबावे

लवंगेतले युजेनॉल, दालचिनीतले सिनॅमल, गवती चहातले सिट्रल, गुलाबातले जिरॅनिऑल हे सगळे नैसर्गिकच आहेत, तरी काहींना त्यांची ॲलर्जी होते. युरोपात असे 80 हून अधिक घटक लेबलवर लिहिण्याचा नियम 2023 मध्ये झाला. साल दाबून काढलेले बर्गमॉट तेल लावून उन्हात गेले तर त्वचा भाजल्यासारखी होते. अंगावर राहणाऱ्या वस्तूत त्याची मर्यादा 0.4 टक्के आहे. मस्क अँब्रेटवर इफ्राची बंदी आहे. लिलियालवर युरोपात सौंदर्यप्रसाधनांसाठी मार्च 2022 पासून बंदी आहे.

सुटे तेल घेताना

तोळ्याच्या हिशेबाने सुटे तेल मिळते, त्यावर ना कोड असतो ना बॅच नंबर. दुकानदाराला मूळ डब्यावरचे नाव विचारा आणि त्याच नावाचे दोन्ही कागद मागा. कागद मिळत नसतील तर ते तेल अंगाला लावायच्या वस्तूत घालू नका. बखुराच्या बाबतीत धुराचाही विचार करा: खिडकी उघडी ठेवा, दमेकरी माणूस आणि तान्हे बाळ त्या खोलीत नको.

विकायचे असेल तर

घरच्या वापरापुरते करणे वेगळे. साबण, लोशन, अत्तर ही कायद्याने सौंदर्यप्रसाधने आहेत. विक्रीसाठी बनवायची तर 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करावी. इफ्राचा कागद हा परवाना नव्हे, आणि परवाना मिळाला म्हणून हिशेब सुटत नाही.

एक वही घाला. तारीख, तेलाचा कोड, किती ग्रॅम तेल, एकूण वजन आणि कुणाला दिले, एवढे लिहा. उद्या कुणाच्या हातावर पुरळ उठले, तर कुठल्या बाटलीमुळे ते पाच मिनिटांत कळेल आणि बाकीच्यांना वेळेत सावध करता येईल. विश्वासाने आपल्याकडून वस्तू घेणाऱ्याचा एवढा हक्क आपल्यावर आहेच.